दोन काळांत घडणारी ऐतिहासिक रहस्यकादंबरी: खरे काय आणि रचलेले काय, हे कसे ओळखावे?

'महाराजांचा खजिना आजही अमक्या डोंगरात आहे', 'तमक्या वाड्यात सापडलेल्या पत्राने इतिहास बदलला' अशा आशयाचे मजकूर सोशल मीडियावर सतत फिरत असतात. खाली आधार नसतो, तारीख नसते, कागद कुठे आहे याचाही पत्ता नसतो. मूळ शोधत गेले, तर पुष्कळदा हाती एखादी बखर किंवा ऐकीव आख्यायिका लागते, नाहीतर थेट एखादी कादंबरी.

यात कादंबरीचा दोष नाही. ऐतिहासिक रहस्यकादंबरीने कल्पना करायचीच असते. त्यातही कथा 'तेव्हा' आणि 'आता' अशा दोन काळांत चालत असली की खरा किल्ला, खरी लढाई, खरे सेनापती आणि पूर्ण काल्पनिक नायक एकाच पानावर भेटतात. वाचताना मजा येते, पण पुस्तक मिटल्यावर कोणता भाग कुठला हे आठवेनासे होते.

हा प्रकार नेमका काय आहे, मराठीत त्याची कोणती उदाहरणे आहेत, सातारा-सांगली भागाशी त्याचे नाते काय आणि वाचताना पारख कशी करायची, हे या लेखात पाहू.

दोन काळांची रहस्यकादंबरी म्हणजे काय?

या प्रकारात दोन कथानके असतात. पहिले भूतकाळात घडते: एखादी हत्या, लपवलेली वस्तू, बेपत्ता झालेली व्यक्ती किंवा अर्धवट राहिलेला निरोप. दुसरे आजच्या काळात घडते. कुणी अभ्यासक, पत्रकार, पोलीस किंवा साधा माणूस त्या जुन्या घटनेच्या मागावर निघतो. प्रकरणे आलटून पालटून येतात आणि शेवटाकडे दोन्ही धागे एकत्र बांधले जातात.

दोन काळांना जोडणारा एक दुवा लागतो. तो बहुधा पुढीलपैकी एक असतो:

- कागद: मोडीतले पत्र, रोजनिशी, हिशेबाची वही, नकाशा.
- वस्तू: नाणे, मुद्रा, शस्त्र, दागिना.
- जागा: किल्ला, वाडा, समाधी, देवळातला शिलालेख.
- घराणे: पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेली गोष्ट किंवा सांभाळलेले गुपित.

या रचनेची गंमत अशी की वाचकाला दोन्ही काळ दिसतात, पण पात्रांना फक्त आपापलाच दिसतो. आजच्या नायकाला जो कागद कोडे वाटतो, तो कुणी, कोणत्या घाईत लिहिला हे वाचकाने आधीच पाहिलेले असते. कधी लेखक उलट करतो. आजचा तपास पुढे नेतो आणि भूतकाळातले शेवटचे दृश्य अगदी शेवटी उघडतो.

जगभरात या पद्धतीची बरीच पुस्तके आहेत. जोसेफिन टे यांच्या 'द डॉटर ऑफ टाइम' (१९५१) या कादंबरीत रुग्णालयात खाटेवर पडलेला पोलीस अधिकारी इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याच्यावरच्या खुनाच्या आरोपाचा तपास फक्त पुस्तके आणि कागदपत्रे वाचून करतो. ए. एस. बायट यांच्या 'पझेशन'ला १९९० चे बुकर पारितोषिक मिळाले. त्यात आजचे दोन अभ्यासक एकोणिसाव्या शतकातल्या दोन कवींचे गुप्त नाते पत्रांवरून उलगडतात. केट मॉस यांची 'लॅबिरिंथ' (२००५) तेराव्या आणि एकविसाव्या शतकात आळीपाळीने चालते.

मराठीत हा प्रकार कसा आला?

मराठी ऐतिहासिक कादंबरीची सुरुवात रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांच्या 'मोचनगड' (१८७१) पासून मानली जाते. पुढे ह. ना. आपटे, नाथमाधव यांनी ती घराघरांत पोचवली. विसाव्या शतकात रणजित देसाई, ना. सं. इनामदार, शिवाजी सावंत, विश्वास पाटील यांच्या कादंबऱ्यांनी मोठा वाचकवर्ग तयार केला. या कादंबऱ्या बहुतांशी एकाच काळात राहतात. वाचक थेट शनिवारवाड्यात किंवा पानिपतावर जाऊन पोचतो आणि आजचा काळ मध्ये डोकावत नाही.

दुसरीकडे रहस्यकथेची वाट वेगळीच चालली होती. बाबूराव अर्नाळकरांच्या छोट्या पुस्तकांनी गुप्तहेर आणि चोर-पोलीस घरोघरी नेले, पण त्यांचा काळ आजचा होता.

हे दोन प्रवाह ठळकपणे एकत्र आले ते अलीकडच्या काळात. मुरलीधर खैरनार यांची 'शोध' ही कादंबरी राजहंस प्रकाशनाने २०१५ मध्ये काढली. शिवाजी महाराजांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली, त्या लुटीतला काही भाग वाटेत नाशिकच्या डोंगराळ भागात लपवला गेला आणि साडेतीनशे वर्षांनी त्याचा माग काढणाऱ्यांची शर्यत लागली, अशी तिची कल्पना आहे. डॉ. प्रकाश कोयाडे यांची 'प्रतिपश्चंद्र' हीसुद्धा शिवकाळातले रहस्य आणि आजचा शोध यांची सांगड घालते. तिचे नाव शिवमुद्रेतल्या सुरुवातीच्या शब्दाची आठवण करून देते. प्रतिपदेच्या चंद्राप्रमाणे वाढत जाणारी, अशी त्या मुद्रेची कल्पना आहे.

एरवी ऐतिहासिक कादंबरीकडे न वळणाऱ्या तरुण वाचकांनीही ही पुस्तके हाती घेतली. त्यामुळेच 'यातले खरे किती?' हा प्रश्न त्यांच्याबाबत सर्वांत जास्त विचारला जातो.

'शोध'च्या मागचा नोंदलेला इतिहास

अशा कादंबरीत खरे आणि रचलेले कसे विणलेले असते, हे समजून घ्यायला 'शोध' सोयीची आहे.

नोंदलेला भाग असा. शिवाजी महाराजांनी सुरतेवर पहिला हल्ला जानेवारी १६६४ मध्ये आणि दुसरा ऑक्टोबर १६७० मध्ये केला. त्या वेळी सुरतेत इंग्रज आणि डच व्यापाऱ्यांच्या वखारी होत्या. त्यांनी आपापल्या वरिष्ठांना पाठवलेल्या पत्रांत या घटनांची वर्णने आहेत. दुसऱ्या स्वारीनंतर मराठी फौज बागलाणातून परत निघाली. दाऊदखान कुरेशी या मुघल सरदाराने तिला अडवण्याचा प्रयत्न केला आणि त्याच महिन्यात वणी-दिंडोरी परिसरात लढाई झाली. मुघल बाजूच्या भीमसेन सक्सेना याच्या 'तारीख-इ-दिलकुशा' या आठवणींसारखी साधनेही या काळासाठी उपलब्ध आहेत.

म्हणजे लूट खरी, वाट खरी, लढाई खरी. कादंबरी सुरू होते ती यातल्या फटीत. फौज लढत असताना लुटीचा प्रत्येक घोडा कुठल्या घाटाने गेला, याची यादी कुणी ठेवलेली नाही. 'एक हिस्सा वाटेत राहिला असेल तर?' हा प्रश्न लेखकाने त्या फटीत ठेवला. चांगली ऐतिहासिक रहस्यकादंबरी बहुधा असेच करते. कागद जिथे बोलतात तिथे त्यांना धक्का लावत नाही आणि ते गप्प होतात तिथून गोष्ट सांगू लागते.

वाचकाने लक्षात ठेवायचे ते एवढेच: कागद गप्प आहेत, याचा अर्थ तिथे खजिना आहे असा होत नाही.

सातारा-सांगली: जिथे वाड्यांत खरोखर दप्तरे सापडली

'जुन्या वाड्यातल्या पेटीत मोडी कागद सापडतात' हा प्रसंग रहस्यकादंबरीत इतक्यांदा येतो की तो खोटा वाटू लागतो. कृष्णाकाठच्या या पट्ट्यात मात्र तो प्रत्यक्ष घडलेला आहे.

वाई. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. त्याचा पाया वाईत मिळालेल्या कागदपत्रांचा होता. पानिपताच्या आधीच्या दशकातली आणि त्या मोहिमेतली पत्रे त्यातून लोकांसमोर आली. तोपर्यंत पानिपत म्हणजे मुख्यतः बखरी आणि परकीयांची वर्णने. या पत्रांमुळे मोहिमेतल्या माणसांचेच शब्द हाती आले. पुढे या मालेचे २२ खंड झाले.

मिरज. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेत शिक्षक होते. पटवर्धन सरदारांच्या दप्तरातली पत्रे त्यांनी वाचली, निवडली आणि १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' या मालेत छापायला सुरुवात केली. उत्तर पेशवाईतल्या मोहिमा, घरगुती कुरबुरी, पैशाची ओढाताण, आजारपणे हे सगळे त्या पत्रांत आहे. सांगली संस्थानाचा जन्मही याच पटवर्धनांच्या वाटणीतून झाला. चिंतामणराव पटवर्धन मिरजेपासून वेगळे झाले आणि १८०१ मध्ये त्यांनी सांगलीला आपले ठाणे केले.

सातारा. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी साताऱ्यात कागद, चित्रे, नाणी यांचा मोठा संग्रह जमवला आणि 'इतिहाससंग्रह' हे मासिक चालवले. त्यांच्या संग्रहासाठी १९२५ मध्ये साताऱ्यात वस्तुसंग्रहालय उभे राहिले. तो संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला.

मेणवली. वाईजवळ कृष्णेच्या काठी नाना फडणविसांचा वाडा आणि घाट आहे. नानांच्या कारकिर्दीतले कागद 'मेणवली दप्तर' म्हणून अभ्यासकांना ठाऊक आहेत. तिथल्या घाटावरच्या छोट्या देवळात मोठी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. वसईच्या मोहिमेनंतर अशा घंटा महाराष्ट्रातल्या अनेक देवळांत पोचल्या. चर्चमधली घंटा महादेवाच्या दारी कशी आली, हे कोडे कादंबरीत शोभले असते, पण त्याचे उत्तर सरळ इतिहासात आहे.

कादंबरीतला शोध आणि हा खरा शोध यांत एक मोठा फरक आहे. कादंबरीत एकच कागद सापडतो आणि तो सगळे गुपित उघडतो. राजवाडे, खरे, पारसनीस यांना हजारो कागद सापडले आणि त्यांतला एखादाच स्वतःहून काही सांगे. बाकीचे एकमेकांशी जुळवून, तारखा लावून, माणसे ओळखून समजून घ्यावे लागले. त्यात वर्षे गेली.

न सुटलेली तीन खरी कोडी

या भागात आजही अशी कोडी आहेत, ज्यांत 'तेव्हा' आणि 'आता' हे दोन्ही काळ खरे आहेत. कुठवर पुरावा आहे आणि पुढे काय आहे, हे समजायला ती उपयोगी पडतात.

१. साताऱ्यात आलेली वाघनखे

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात प्रदर्शनासाठी आणली गेली. त्यांच्यासोबतच्या पेटीवर मजकूर आहे. ही वाघनखे शिवाजी महाराजांची असून साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याला पेशव्यांच्या प्रधानाने दिली, असा त्याचा आशय आहे. ग्रँट डफ १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्यात होता, हे नक्की. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा तोच.

अडचण मधल्या काळाची आहे. अफझलखानाची भेट १० नोव्हेंबर १६५९ ची. तिथून १८१८ पर्यंत सुमारे १६० वर्षांत ही वस्तू कुणाकुणाच्या हाती होती, ते सांगणारा कागद उपलब्ध नाही. हीच ती वाघनखे आहेत याची खातरजमा करता येत नाही, असे खुद्द लंडनचे संग्रहालय सांगते. कोल्हापूरचे इतिहास अभ्यासक इंद्रजित सावंत यांनीही जाहीरपणे हाच आक्षेप घेतला होता.

कादंबरीकाराला ही १६० वर्षे म्हणजे मोकळे मैदान. इतिहासाच्या वाचकाला मात्र तिथे 'माहीत नाही' एवढेच लिहावे लागते.

२. बाणूरगडावरची समाधी

सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यात बाणूरगड आहे. त्यालाच भूपाळगड म्हणतात. गडावरची एक समाधी शिवाजी महाराजांच्या हेरखात्याचे प्रमुख बहिर्जी नाईक यांची मानली जाते.

बहिर्जींबद्दल आज चित्रपट, मालिका, कादंबऱ्या, रील्स यांत भरभरून ऐकायला मिळते. कुठला वेश घेतला, कुठली सांकेतिक भाषा वापरली, मृत्यू कसा झाला. नोंदलेली साधने याबाबत फार थोडे बोलतात. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिलेल्या बखरीत बहिर्जी जासूद म्हणून भेटतो. पण त्याचे सविस्तर चरित्र कुठेच नाही. हेराच्या कामाचा कागद राहू नये, हेच त्या कामाचे यश. म्हणून बहिर्जी हा कादंबरीसाठी उत्तम नायक आहे आणि त्याच कारणाने त्याच्याबद्दलचे प्रत्येक 'सविस्तर' विधान तपासून घ्यायला हवे.

३. रंगो बापूजी कुठे गेले?

साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना इंग्रजांनी १८३९ मध्ये पदच्युत केले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि तब्बल १३-१४ वर्षे तिथे झगडत राहिले. यश आले नाही. १८५३ च्या सुमारास ते परतले. १८५७ मध्ये साताऱ्यात उठावाची तयारी केल्याचा आरोप त्यांच्यावर आला. कट फुटला. सप्टेंबर १८५७ मध्ये साताऱ्याच्या गेंडामाळावर १७ जणांना फाशी, तोफ आणि गोळ्या अशा वेगवेगळ्या मार्गांनी मारण्यात आले. रंगो बापूजींचा मुलगा सीताराम त्यांत होता.

रंगो बापूजी मात्र इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत. ते कुठे गेले, किती वर्षे जगले, कुठे वारले, हे आजवर निश्चित झालेले नाही. प्रबोधनकार ठाकरे यांनी प्रतापसिंह महाराज आणि रंगो बापूजी यांच्यावर मोठा ग्रंथ लिहिला, तरी हा शेवट मोकळाच राहिला. खजिना नाही, गुप्त लिपी नाही, तरीही हे कोडे कोणत्याही रहस्यकादंबरीपेक्षा जास्त चटका लावते. पोटचा मुलगा मारला गेल्याची बातमी त्या म्हाताऱ्याला कुठे आणि कशी कळली असेल, हे कुणालाच माहीत नाही.

वाचताना पारख कशी करायची?

कादंबरीचा आनंद कमी न करता काही साध्या गोष्टी करता येतात.

दोन काळांची दोन टिपणे ठेवा. मोबाइलच्या नोट्समध्ये 'तेव्हा' आणि 'आता' असे दोन भाग करा. प्रत्येक प्रकरणानंतर एक ओळ पुरे: कोण, कुठे, कोणती तारीख. पाच-सहा प्रकरणांनंतर गोंधळ होत नाही आणि लेखकाने कुठे मुद्दाम माहिती दडवली आहे तेही दिसू लागते.

पात्रांचे तीन गट करा. एक, इतिहासात नक्की होऊन गेलेली माणसे. दोन, ज्यांचा नुसता उल्लेख सापडतो अशी माणसे. तीन, पूर्ण काल्पनिक. रहस्याचा मुख्य भार बहुधा दुसऱ्या आणि तिसऱ्या गटावर असतो. ज्यांच्याबद्दल कागद भरपूर आहेत, त्यांच्या हातून लेखक फारसे अनपेक्षित काही घडवू शकत नाही.

तारखांचा हिशेब करा. जुन्या मराठी कागदांत इसवी सन नसतो. शालिवाहन शकात ७८ मिळवले की साधारण इसवी सन येतो. शके १५९२ म्हणजे १६७०-७१. शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवतात. हा सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो. 'इहिदे सबैन अलफ' म्हणजे १०७१, म्हणजेच पुन्हा १६७०-७१. राज्याभिषेक शकाचे पहिले वर्ष १६७४ मध्ये सुरू झाले. कादंबरीतल्या एखाद्या पत्रावर १६७० ची घटना आणि राज्याभिषेक शक एकत्र दिसले, तर ते पत्र रचलेले आहे हे लगेच ओळखता येईल.

इंग्रजांच्या तारखांतही मेख आहे. त्या काळी इंग्लंडमध्ये नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे सुरतेची जानेवारी १६६४ ची पहिली स्वारी त्यांच्या हिशेबाने १६६३ मध्ये पडते. शिवाय त्यांची दिनदर्शिका युरोपातल्या सुधारित दिनदर्शिकेपेक्षा १० दिवस मागे होती. दोन साधनांत तारीख वेगळी दिसली की लगेच 'इतिहास दडपला' म्हणण्याआधी एवढे पाहायला हवे.

पत्राची भाषा पाहा. सतराव्या शतकातल्या राजकीय पत्रांत फारसी शब्द खूप होते. ते कमी करण्यासाठीच शिवाजी महाराजांनी 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला. शिवकालीन पत्रांची ठरावीक चौकट असे. सुरुवातीला मायना, माथ्यावर मुद्रा, शेवटी मर्यादामुद्रा. सोशल मीडियावर फिरणारे एखादे 'महाराजांचे पत्र' आजच्या गुळगुळीत मराठीत, पूर्णविराम आणि उद्गारचिन्हांसह दिसले, तर ते कुणीतरी नव्याने लिहिले आहे. फार तर भाषांतर असेल, पण मग मूळ कुठे आहे ते सांगितलेले हवे.

लेखकाचे मनोगत शेवटी वाचा, पण वाचाच. अशा कादंबऱ्यांत सुरुवातीला किंवा शेवटी लेखक पुष्कळदा सांगतो की कोणत्या घटना खऱ्या आहेत आणि कुठे कल्पनेचे स्वातंत्र्य घेतले आहे. आधी वाचले तर रहस्य फुटू शकते. न वाचता शेअर केले तर कल्पना इतिहास म्हणून पुढे जाते.

नकाशा उघडा. साल्हेर, मुल्हेर, वणी, दिंडोरी ही गावे नकाशावर शोधली की फौजेची वाट डोळ्यांपुढे येते. एका रात्रीत किती अंतर कापले असे लेखक सांगतो आणि घोड्यांच्या तांड्याला ते शक्य आहे का, हेही समजते.

पुराव्याची उतरंड लक्षात ठेवा

एखादी गोष्ट 'इतिहासात आहे' असे कुणी म्हणाले, तर ती कोणत्या पायरीवर आहे ते विचारावे.

१. त्याच काळातले मूळ पत्र, हिशेब, सनद किंवा शिलालेख.
२. त्याच काळातल्या परकीय वखारींची पत्रे आणि प्रवाशांची वर्णने.
३. घटनेनंतर काही वर्षांनी लिहिलेली बखर किंवा आठवणी.
४. शंभर-दीडशे वर्षांनंतरची बखर.
५. घराण्यात किंवा गावात सांगितली जाणारी आख्यायिका.
६. कादंबरी, नाटक, चित्रपट.

वरची पायरी नेहमीच खरी आणि खालची नेहमीच खोटी, असे नाही. त्या काळचा माणूसही पत्रात खोटे लिहू शकतो आणि आख्यायिकेतही तथ्याचा अंश असू शकतो. पण सहाव्या पायरीवरची गोष्ट पहिल्या पायरीची म्हणून सांगणे ही फसवणूक आहे. सांगणाऱ्याला स्वतःला ते माहीत नसले तरी.

गोष्टीपायी गडांचे नुकसान

खजिन्याची कादंबरी वाचून कुणी डोंगर खणायला निघेल, ही शंका हास्यास्पद वाटते. पण गुप्तधनाच्या लोभाने किल्ले, समाध्या, जुनी देवळे उकरण्याचे प्रकार महाराष्ट्रात घडत आले आहेत. यात हाती काही लागत नाही. जाते ते कायमचे जाते. जोत्याचा दगड हलवला, मातीचे थर मिसळले, की पुढे पुरातत्त्व अभ्यासकाला त्या जागेवरून काहीच सांगता येत नाही.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. भारतीय निखात निधी अधिनियम १८७८ चा आहे आणि आजही लागू आहे. जमिनीत दडलेले १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचे धन सापडले, तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. लपवून ठेवणे गुन्हा आहे. संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय खणणे हा वेगळा गुन्हा.

खातरजमा कुठे करायची?

- मराठी विश्वकोश: सर्व खंड संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. माणसे, लढाया, किल्ले यांची पहिली पडताळणी इथे करावी. विश्वकोशाचे काम वाईतूनच चालत आले आहे. राजवाड्यांना कागद मिळाले त्याच गावात.
- भारत इतिहास संशोधक मंडळ, पुणे: १९१० मध्ये स्थापन झालेली ही संस्था कागदपत्रे सांभाळते आणि साधने छापते.
- छापील साधने: राजवाडे आणि खरे यांचे खंड आता स्वामित्वहक्काच्या मुदतीबाहेर आहेत. मोठ्या ग्रंथालयांत ते पाहायला मिळतात.
- गावातले वाचनालय: सांगलीचे नगर वाचनालय १८६९ पासून सुरू आहे. अशा जुन्या वाचनालयांत आता दुकानात न मिळणारे ग्रंथ असतात.

या शेवटच्या मुद्द्याला एक दुखरी बाजू आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. पाणी शहरात शिरले, वाचनालयातही शिरले आणि हजारो पुस्तके भिजून गेली. वाड्यांतली किती दप्तरे अशीच पाण्यात, वाळवीत किंवा रद्दीत गेली असतील, त्याचा हिशेब कुणाकडे नाही.

घरात मोडी कागद असतील तर ते ओले-कोरडे होऊ न देता सपाट ठेवावेत. चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन करू नये. प्रत्येक पानाचे दोन्ही बाजूंनी नीट छायाचित्र काढून जाणकाराला दाखवावे. बहुतेक कागद जमिनीचे, देण्याघेण्याचे, भाऊबंदकीचे निघतात. खजिन्याचा नकाशा निघत नाही. पण गावाचा पाटील कोण होता, दुष्काळात धान्याचा भाव काय होता, विहिरीच्या पाण्यावरून कोण भांडले होते, हे अशाच कागदांवरून कळते.

थोडक्यात

दोन काळांची रहस्यकादंबरी इतिहासाचे पुस्तक नाही आणि तसा दावाही सहसा करत नाही. ती वाचकाला एका प्रश्नापाशी आणून सोडते. 'शोध' वाचून कुणी साल्हेरला गेले, 'प्रतिपश्चंद्र' वाचून कुणी मोडी शिकायला बसले, तर कादंबरीचे काम झाले. पुढचे काम कागदांचे.

एखादा थरारक ऐतिहासिक मजकूर मोबाइलवर आला, तर पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न पुरेत. हा कागद कुठे आहे? तो कुणी वाचला? आणि त्यावर तारीख कोणती आहे? तिन्हींची उत्तरे मिळाली नाहीत, तर तो मजकूर कादंबरीच्या कपाटात ठेवावा. तिथे तो आनंदाने वाचता येतो.